अभिमन नानांचा अंगठा

अभिमन नाना येत आहेत हे दिसण्याआधी ऐकू यायचं. नाटकात राजा प्रवेश करण्याआधी आतून चोपदार ललकारी देतो, तसं नानांच्या पुढे त्यांचं खाकरणं चालायचं. खोल, भरदार, दोन तुकड्यांचं. पहिला तुकडा आखूड, दुसरा लांबवलेला. गल्लीत बायका दारापुढे ज्वारी पाखडत बसलेल्या असायच्या. ते खाकरणं कानावर पडलं की पदर पुढे ओढले जात, पाठी वळत, आणि त्या वळलेल्या पाठींमधून नाना मान खाली घालून, कुणाकडेही न बघता निघून जात. आमच्याकडे भला माणूस बायकांच्या जवळून असाच जातो. न खाकरता गेला तर संध्याकाळपर्यंत त्याच्या आईचा उद्धार होतो. नानांच्या आईचा कधी झाला नाही.

मी जन्मभर नाटक कंपनीत बायकांची कामं केली. राण्या केल्या, दासी केल्या, एकदा तर नायिका तापानं पडली म्हणून एकाच खेळात सासूही झालो आणि सूनही. तेव्हा माणसांचे आवाज आणि चाली यांच्यापलीकडे माझं शिक्षण नाही. पण तेवढ्या शिक्षणावर सांगतो, नानांसारखा घसा आमच्या कंपनीत एकाही राजाला नव्हता. कंपनी पावसाळ्यात धुळ्याला मुक्काम ठोकून बसायची. तंबू ओला, प्रेक्षक शेतात, पगार अर्धा. मग मी माझी लुगड्यांची पेटी घेऊन गावी यायचो. गाव आमचं गिरणाकाठचं, भडगावच्या अलीकडे. तिथे मी राणी नव्हतो, नथ्थू शिंपी होतो.

नाना गावातले खाऊनपिऊन सुखी कास्तकार. काळी जमीन, कापूस, ज्वारी, मळ्यात स्वतःची विहीर. मिशी अशी की आमच्या रंगपेटीतल्या साऱ्या खोट्या मिशा एकाला एक जोडल्या तरी तिची बरोबरी झाली नसती. आणि या मिशीहूनही त्यांना मोठा अभिमान होता तो एकाच गोष्टीचा: आपण जन्मात औषध घेतलेलं नाही. कुणी खोकला की नाना त्याच्याकडे असं बघायचे, जणू त्यानं कुणाच्या मळ्यातल्या शेंगा चोरल्यात.

अशा या गावात दवाखाना आला.

ही गोष्ट इंग्रज सरकारनं राज्यकारभारात त्या नव्या सुधारणा दिल्या, त्यानंतरची. शाळा, आरोग्य असली खाती आता आपल्या माणसांच्या हाती आली, असं पेपरात छापून आलं होतं. लोकल बोर्डाच्या निवडणुका झाल्या. आमचे तोताराम आबा बोर्डावर निवडून गेले आणि जळगावच्या पहिल्या बैठकीहून परत आले ते थेट डॉक्टर घेऊनच. बोर्डाची योजना साधी होती. पहिलं वर्ष डॉक्टरचा आणि औषधांचा सगळा खर्च बोर्ड करणार. दुसऱ्या वर्षापासून अर्धा बोर्डानं करायचा, अर्धा गावानं. आणि गावाचा वाटा घरटी कर बसवून उभा करायचा. गावानं नाही म्हटलं तर डॉक्टर उचलायचा आणि हो म्हणणाऱ्या गावात नेऊन ठेवायचा.

डॉक्टर खांबेटे पुण्याकडचे. अंगानं बाटलीसारखे उभट, चष्मा लावलेले, स्वभावानं गरीब. त्यांना आमची बोली कळायची नाही आणि कळली नाही हे कबूल करायला ते लाजायचे, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना एकच गुलाबी औषध मिळालं आणि बहुतेक सगळे बरेही झाले. दवाखाना जुन्या धर्मशाळेत थाटला होता. तीन दगडी पायऱ्या, ओटा, आत एक खोली. पुरुषांसमोर बायका ओट्यावर चढेनात, म्हणून डॉक्टरांनी गुरुवार बायकांचा ठेवला. गुरुवारी त्या गल्लीत पुरुष माणूस फिरकायचा नाही.

वर्ष सरत आलं आणि कराची गोष्ट निघाली. त्या पावसाळ्यात मी गावी आलो तेव्हा चावडीत दुसरा विषयच नव्हता. एका बाजूला तोताराम आबा, दुसऱ्या बाजूला नाना, आणि मधे अख्खं गाव, कधी इकडे हसणारं, कधी तिकडे. बिनतिकिटाचा खेळ.

"जो आजारी पडी, तो पैसा दी," नाना म्हणायचे. "मी कधी आजारी पडस का? मंग मी काबर देऊ? मना बैल मरना तं गाव माले बैल ली देस का?"

"नाना," आबा शांतपणे म्हणायचे, "तुना मळामा तुनी विहीर शे. तरी गावनी विहीरले तू वर्गणी दिन्ही. ती काबर दिन्ही?"

"गावमा ऊनू का ती विहीरनं पानी पीस मी. दवाखानानं पानी मी पीत नई."

"आज पीत नई. उद्या?"

"उद्या बी नई, परवा बी नई! आन आबा, एक सांग. दवाखाना नव्हता तव्हय गावमा नुसता ताप व्हता. आते त्या तापले नाव शे. आन नावना पैसा मांगी ऱ्हायनात तुम्ही!"

चावडी खदखदून हसायची. नानांचं हेच होतं, त्यांचा मुद्दा पटो न पटो, वाक्य पाठ व्हायचं. शिवाय गावात पंधरावीस घरं अशी होती, की नानांचा हात वर गेला की त्यांचे हात आपोआप वर जात. सभेत नाना सगळ्यांच्या पुढे उभे राहत, उजवा हात सगळ्यांच्या आधी, कोपरातून ताठ वर. मागच्यांना विषय ऐकायची गरजच नसे. कर मंजूर होणार की नाही, डॉक्टर राहणार की जाणार, हे त्या एका हातावर होतं. आणि हे आबांना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, नानांना तर फारच माहीत होतं.

त्यात एक दिवस कुणीतरी चिडवलं, "नाना, पोट दुखाले लागनं का चढशात पायरी." नाना उभे राहिले. मिशीवर हात ठेवला. "ह्या अभिमनना पाय त्या पायरीवर पडना, तं भर सभामा मिशी उतारी देसू!"

टाळ्या पडल्या. मला वाटलं, पडदा पडायला हवा होता तो इथेच. पण पुढचा अंक बाकी होता.

सभेला थोडे दिवस उरले असताना, भर दुपारी, सगळं गाव निंदणीला गेलेलं असताना नाना माझ्या घरी आले. न खाकरता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"नथ्थू, दार लाव."

मी दार लावलं. नानांनी खांद्यावरच्या उपरण्यातून उजवा हात बाहेर काढला. अंगठ्यावर अख्खं लिंबू खोचलेलं. लिंबू काढलं तर खाली अंगठा नव्हताच. होतं ते भरतासाठी भाजून ठेवलेलं वांगं. तसंच फुगलेलं, तसंच चकाकणारं, आणि रंगही तोच.

"कुंपनना काटा लागना," ते म्हणाले. "जराखं नखुरडं शे."

"नाना, हाई पिकेल शे. हाई कापनं पडी. डॉक्टरकडे चाला."

"त्यानं नाव काढू नको."

"मंग भडगावले जाऊत."

"गिरनाले पूर शे. नाव बंद."

"डॉक्टरले गुपचूप घर बलावूत?"

"त्यानी ती पांढरी पेटी गल्लीमा ऊनी का मांगे बठ्ठं गाव चालस. माले काय वरात काढनी शे अंगठानी?"

"तं मंग हात जाई नाना. हात सडी. मानूस जास ह्यामा."

नानांनी लिंबू पुन्हा अंगठ्यावर खोचलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. झोप नाही, जेवण नाही. मग गंभीरपणे म्हणाले, "मी मराले तयार शे नथ्थू. पन मिशी तयार नई."

खरं सांगतो, मला हसूही आलं आणि भडभडूनही आलं. एवढा डोंगराएवढा माणूस आणि एका लिंबाएवढ्या दुखण्यानं भिंतीला टेकला होता. मी कोपऱ्यातल्या माझ्या पेटीकडे बघितलं. नानांनीही बघितलं. मी काय बोलणार हे त्यांना माझ्याआधी कळलं.

"नई," ते म्हणाले.

"परवा गुरुवार शे नाना."

"नथ्थू, नई!"

अंगठ्यानं ठणका दिला असावा. नाना मटकन खाली बसले. "लुगडं कोनतं?" त्यांनी विचारलं.

कंपनीत मी कितीतरी पोरांना बाईचं चालणं शिकवलं होतं. मिसरूड फुटलेले, आवाज फुटलेले, सगळे शिकले. नानांइतका निकामी शिष्य मला मिळाला नाही. बाई चालते तेव्हा पाऊल जमिनीला विचारून टाकते. नाना जमीन खरेदी केल्यासारखे चालायचे. मी म्हटलं, खांदे पाडा. त्यांनी पाडले, तर पोट पुढे आलं. पोट आत घ्या म्हटलं, तर खांदे वर गेले. शेवटी मी सांगितलं, "नाना, तुम्ही म्हातारी व्हा. कमरमा वाका. म्हातारीनं चालनं कोनी दखत नई." हे मात्र जमलं. हिरवं लुगडं, पदर हनुवटीच्याही खाली ओढलेला, दुखरा हात आत पोटाशी. मीही लुगडं नेसलो. एकट्या म्हातारीला पाठवणं धोक्याचं होतं, आणि गुरुवारी त्या गल्लीत मला दुसऱ्या कुठल्याही वेषात शिरता आलं नसतं. "बोलनं नई," मी बजावलं. "तुम्ही मुक्या. काहीबी व्हवो, तोंड उघडनं नई."

निघालो. चावडीवर तोताराम आबा बसले होते. रीतीप्रमाणे आम्ही वहाणा काढून हातात घेतल्या, रीतीप्रमाणे आबांनी तोंड फिरवलं. ज्या माणसाशी चावडीत रोज भांडण केलं, त्याच्यापुढून नाना अनवाणी, वाकून, मुकाट गेले. मला वाटलं, आपली शिकवण फळली.

धर्मशाळेपाशी आलो. पहिल्या पायरीशी नाना थांबले. पदरातून कुजबुजले, "नथ्थू, पायरी."

"तुम्ही कोठे चढतस? म्हातारी चढी ऱ्हायनी," मी म्हटलं.

या उत्तरावर त्यांनी थोडा विचार केला आणि पाऊल टाकलं. एक, दोन, तीन. ओट्यावर आलो. ओटा बायकांनी भरलेला. लेकरं, कापडाची बोचकी, हसणं, भांडणं. आणि एवढा बायकांचा घोळका समोर बघून नानांच्या अंगात जन्मभराचा सभ्यपणा जागा झाला. मुके राहायचं हे त्यांच्या लक्षात होतं. बोललेही नाहीत. त्यांनी फक्त, आयुष्यभर करत आले तेच केलं.

खाकरले.

खोल, भरदार, दोन तुकड्यांचं.

ओट्यावरचे सगळे पदर एकदम पुढे आले. सगळ्या पाठी फिरल्या. पोरंसुद्धा गप्प. गुरुवारी, बायकांच्या वारी, पुरुष! हळूहळू एकेक मान मागे वळली. पदराच्या फटीतून डोळे शोधू लागले. पुरुष कुठेच नव्हता. होत्या त्या दोन बायका, एक वाकलेली आणि एक घामानं भिजलेली. घामानं भिजलेली मी. रंगभूमीवर कितीदा पाठ केलेली नक्कल विसरलो, पण असा घाम फुटला नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक बाई उठली. कडेवर नातू. आमच्यापुढे येऊन उभी राहिली आणि नानांच्या पायांकडे बघू लागली. नानांच्या डाव्या पायाचं एक बोट बैलाच्या खुराखाली सापडून कायमचं वाकडं झालेलं होतं. त्या बोटाला ज्या बाईनं तेव्हा हळद लावली होती, तीच ही. वच्छलाबाई. नानांची बायको.

"अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली. "हाई तं मनी एरंडोलनी मावशी! घसामा आजार शे बिचारीले. बोलता येत नई, नुसती खाकरस." आणि तिनं मावशीला दंडाला धरून आपल्या शेजारी बसवलं.

वाचलो, असं मला वाटलं. नाना वाचले नव्हते. वच्छलाबाईनं नातवाला मांडीवर घेतलं, मावशीकडे तोंड केलं आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला सुरुवात केली.

"काय सांगू मावशी, मना घरमा एक जन शे. दवाखाना कसाले, म्हनस. त्यानं काय जास? हाऊ पोऱ्या रातभर खोकलना तव्हय तो घोरी ऱ्हायंता. मी आठवडाले इठे येस. डॉक्टरनी बाटली लुगडामा लपाडीसन घर नेस."

मावशीनं पदर आणखी खाली ओढला.

"आन म्हनस, मी जन्ममा औषध लिधं नई!" बायका आता फिरून बसल्या होत्या. "गया साल थंडीतापमा पडना. दातवर दात वाजी ऱ्हायंता. मी डॉक्टरनी कडू पूड ताकमा टाकी, पाजी दिन्ही. म्हने, ताक कडू काबर लागस वं? मी म्हनू, म्हैसनी निंबना पाला खादा! तिसरा दिन उठना आन चावडीमा जाईसन सांगस, दखा, औषधबिगर बरा व्हयनू!"

ओटा हसून लोटपोट. मी पदर तोंडात कोंबला. माझ्या शेजारी हिरव्या लुगड्यातून एक लांब, खोल श्वास आला. त्या माणसाचं आयुष्यभराचं भांडवल त्याच्या समोर बायकांच्यात वाटलं जात होतं, आणि त्याला हू की चू करता येत नव्हतं. असा प्रवेश कुठल्या नाटककारानं लिहिला असता तर आमच्या मालकांनी म्हटलं असतं, फार होतंय, थोडं कापा.

आमची पाळी आली. वच्छलाबाई नातवाला शेजारणीकडे देऊन आमच्याबरोबर आत आली. डॉक्टर लेखणी घेऊन बसले होते.

"नाव काय बाईंचं?"

"बोलता येत नई तिले," वच्छलाबाई म्हणाली.

"बरं. तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू?"

"मग नवऱ्याचं नाव सांगा."

"बाई नवराना नाव लेस का साहेब?"

"अहो, बायका घेत नाहीत हे मला आता माहीत झालंय," डॉक्टर समजुतीनं म्हणाले. "पण तुम्ही घ्यायला काय हरकत आहे? तो काही तुमचा नवरा नाही."

वच्छलाबाईनं एकदा मावशीकडे बघितलं. "नाव नई लेवावत मी. तिनं बी नई, तिना नवरानं बी नई. मनं नशीबच असं शे."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडून 'मावशी' एवढंच लिहिलं. "हात दाखवा."

हिरव्या पदरातून हात बाहेर आला. रुंद, काळा, मनगटापर्यंत केसाळ, तिफण धरून धरून घट्टे पडलेला. डॉक्टरांनी हाताकडे बघितलं. मग हनुवटीखाली लोंबणाऱ्या पदराकडे. मग माझ्याकडे. मी पापण्या लववल्या; सवयीनं. डॉक्टरांचा चष्मा नाकावरून थोडा घसरला, तो त्यांनी वर केला.

"मावशींना शेतात फार काम पडतं वाटतं," ते म्हणाले आणि पाणी उकळायला ठेवलं.

त्या माणसाचं गावात राहणं या हातावर अवलंबून होतं. हवं असतं तर त्यांनी नुसता पदर वर केला असता आणि कर त्या क्षणी मंजूर झाला असता. त्यांनी पदराला बोट लावलं नाही. अंगठा कापला, धुतला, त्यावर पिवळं औषध ओतलं. नाना ओरडले नाहीत. माझ्या हिरव्या लुगड्याचा पदर मात्र दातांनी असा चावला, की पुढे ते लुगडं नेसून केलेल्या प्रत्येक राणीला तिथे रफू होतं. शेवटी डॉक्टरांनी अंगठ्याला शुभ्र बँडेज गुंडाळलं. भलं मोठं, कापसाच्या बोंडासारखं.

"हात खाली लोंबू द्यायचा नाही," ते त्या पदराला उद्देशून म्हणाले. "खाली गेला की रक्त उतरतं, ठणका लागतो. वर धरला की आराम पडेल. कळलं ना, मावशी?"

पदर हलला.

रविवारी मारुतीच्या मंदिरात सभा भरली. पुरुष सभामंडपात, बायका बाहेर भिंतीच्या आडोशाला. त्यांना मत नव्हतं, कान होते. नाना आले ते उजवा हात उपरण्यात खाली लपवून. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. आबांनी बोर्डाचा कागद वाचला. एकजण बोलला, दुसरा बोलला. एकानं विचारलं, ज्याच्या घरी एकच माणूस त्यानं आणि ज्याच्या घरी पंधरा त्यानं सारखाच कर का द्यायचा. दुसऱ्यानं विचारलं, बैलाला औषध मिळणार का. एक म्हणाला, डॉक्टर ठेवण्यापेक्षा कर माफ केला तर लोक आनंदानंच निरोगी राहतील. तास गेला. मी नानांच्या बाजूला उभा होतो. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. हात खाली लोंबत होता. ठणका आत ढोल वाजवत असणार, कारण त्यांचा डावा पाय त्या ठेक्यावर हलत होता. आश्चर्य म्हणजे ते अवाक्षर बोलले नव्हते. लोक वाट बघत होते. ओट्यावर निघालेली ताकाची गोष्ट त्या पुरुषांना कुठे माहीत होती?

शेवटी आबा उठले. "आते मत ली टाकूत. पहिले विरोधना मत. ज्यास्ले कर नको, त्यास्नी हात वर करा."

नाना काय ठरवून आले होते ते त्यांनी मला पुढेही कधी सांगितलं नाही. मला वाटतं, काहीच ठरलं नव्हतं. पण 'विरोध' आणि 'हात वर' हे शब्द कानावर आले आणि तो उजवा हात उपरण्यातून सुटला, वर्षानुवर्षं जायचा तसा, सगळ्यांच्या आधी, कोपरातून ताठ वर.

वर, मंडपाच्या मधोमध, सरकारी बँडेज. पांढरंशुभ्र, टोकाला पिवळं.

मागचे पंधरावीस हात अर्ध्यावर आले होते, ते तिथेच थबकले.

"नाना," आबांनी विचारलं, "हाई काय शे?"

"अंगठा," नाना म्हणाले.

"बांधी कोन दिना?"

नाना काही बोलणार तोच भिंतीच्या आडून बायकांच्यातून कुणीतरी ओरडलं, "एरंडोलनी मावशी ऊनी वं!" आणि सगळा आडोसा हसण्यानं फुटला. तेव्हा मला कळलं. ते खाकरणं ओट्यावरच्या प्रत्येक बाईनं ओळखलं होतं. गल्लीतल्या बायका त्या आवाजाला रोज पाठ फिरवत आल्या होत्या. त्या फसणार कशा? सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकीनंही घरच्या पुरुषाला सांगितलं नव्हतं. कंपनीत एवढं गुपित एक रात्र टिकलं नसतं.

पुरुषांना कळायला थोडा वेळ लागला. मग एक पोरगेलासा आवाज आला, "मिशी!" लगेच दुसरा, "मिशी उतारा! पायरी चढनात!" न्हावी मंडपातच बसला होता, तो बिचारा भिऊन उठून उभा राहिला. नानांचा चेहरा पांढरा पडला, बँडेजच्या रंगावर गेला.

तेव्हा भिंतीच्या आडून वच्छलाबाई बाहेर आली. मारुतीच्या सभेत बाई कधी बोलली नव्हती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, पाठ सभेकडे, तोंड मारुतीकडे. ती देवाशीच बोलली.

"मारुतीबाप्पा, तूच सांग. पायरी कोन चढनं? मनी मावशी चढनी. डॉक्टरना कागदवर बी मावशी शे. आते मावशीले मिशीच नई, तं ह्या लोके उतारतीन काय?"

हशा, टाळ्या. खेळाला मिळतात तशा नाही. माणूस वाचला की पडतात तशा. आबा हसून हसून खाली बसले. न्हावीही बसला.

नाना मात्र उभेच. हात अजून वरच. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक आश्चर्य पसरत चाललं होतं. माझ्या कानाशी पुटपुटले, "नथ्थू, ठणका थांबना."

आबांनी डोळे पुसले. "मंग नाना, तुना हात विरोधमा मोजू ना?"

नानांनी वर अंगठ्याकडे बघितलं. मग हात खाली घ्यायला सुरुवात केली. छातीपर्यंत आला असेल नसेल, त्यांचा चेहरा वाकडा झाला. हात पुन्हा वर गेला. त्यांनी खाकरून घसा साफ केला. आडोशाला सवयीनं सगळे पदर पुढे आले.

"आबा," नाना म्हणाले, "हाऊ हात आते खाले येत नई. डॉक्टरना हुकूम शे. तू असं कर, तुना सवालच फिराव. कर कबूल शे त्यास्नी हात वर करा, असं म्हन. म्हंजे माले हात हलावना नई पडी."

आबा उठले, गंभीर झाले, आणि सवाल फिरवला. "ज्यास्ले कर कबूल शे, त्यास्नी हात वर करा."

एक हात आधीच वर होता. त्याच्या मागे, विषय न ऐकताच, पंधरावीस हात गेले. मग बाकीचे.

पुढे मी नाटकातच म्हातारा झालो, पण दर पावसाळ्यात गावी जायचो, आणि नानांचं नवीन भांडण मला दरवर्षी बघायला मिळायचं. कर भरायला लागल्यापासून त्यांनी डॉक्टरांचा पिच्छा पुरवला. महिन्याला एकदा जाऊन समोर बसायचे. "तपास माले."

डॉक्टर तपासायचे. "तुम्हाला काही झालेलं नाही, नाना."

"काही नई कसं? कर भरेल शे मी! मना वाटानं औषध कोठे शे?"

डॉक्टर सुरुवातीला समजवायचे, की निरोगी माणसाच्या करातूनच आजाऱ्याचं औषध येतं. नानांना ते सगळं पटायचं आणि तरी ते उठायचे नाहीत. शेवटी डॉक्टर त्यांना ओव्याच्या अर्काचे दोन थेंब पाण्यात टाकून द्यायचे. नाना डोळे मिटून प्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि समाधानानं घरी जायचे. कापूस किती वाया जातो, बाटली कोण परत करत नाही, यावरही त्यांची करडी नजर. दवाखान्याचा खर्च जास्त आहे हे त्यांचं मत अखेरपर्यंत कायम होतं. दवाखाना हलवायचा म्हणणाऱ्यावर मात्र ते काठी घेऊन धावायचे.

त्यांना शेवटचं बघितलं तो गुरुवार होता. डॉक्टर बदलून गेले होते, नवे आले होते. नाना खरेच कमरेत वाकले होते, मी शिकवलं होतं त्याहून सुरेख. वार विसरून ते धर्मशाळेपाशी गेले, मी गल्लीच्या तोंडाशीच थांबलो; ते तीन पायऱ्या सावकाश चढले आणि ओट्यावर बायका बघून थबकले. घसा आता पातळ झाला होता, तरी दोन तुकडे शाबूत होते. पहिला आखूड, दुसरा लांबवलेला.

पदर ओढले गेले. पाठी फिरल्या. कोपऱ्यात मात्र एक म्हातारी तशीच समोर तोंड करून बसली होती, मांडीवर नातवाची पोर. तिनं शेजारी सरकून जागा केली.

"या मावशी," ती म्हणाली. "बसा."